मार्सुदीचा उजवा गुडघा

माझं नाव जुमांगिन. धंदा मालिशीचा, वय सत्तरीच्या पुढे. माणसाचं तोंड मी विसरतो, पाय विसरत नाही. बाजारात कोणी "ओळखलंत का?" म्हणून समोर उभा राहिला की मी खाली बघतो. लोकांना वाटतं म्हातारा लाजला. लाजायला मला काय झालंय? मी पोटऱ्या बघत असतो.

मार्सुदीचा पाय मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. बाप ऊसतोडीला, आई ऊसतोडीला, आणि हाही फडातच वाढलेला. साखर कारखान्याच्या मागे आमच्या ‘बिंतांग किदुल’ फुटबॉल क्लबचं मैदान होतं. दक्षिणेचा तारा, असलं भारदस्त नाव. मैदानात गवत कमी आणि मळीचा वास जास्त. त्या वासात हा पोरगा उजव्या कडेने असा सुटायचा की समोरचा बॅक वळेपर्यंत चेंडू गोलसमोर पडलेला असायचा. महिन्याभरात लोकांनी त्याचं नाव कांचिल ठेवलं. कांचिल म्हणजे आमच्या पोराबाळांच्या गोष्टीतलं ते वीतभर हरीण, मगरींच्या पाठीवर पाय देत नदी ओलांडतं आणि पलीकडे गेल्यावर त्यांनाच वेड्यात काढतं.

सामन्याआधी मी त्याला बाकावर पालथा घालायचो आणि आलं घातलेलं खोबरेल चोळायचो.

"अरे, हा पाय आहे का उसाचं कांडं?" मी म्हणायचो.

"चावून बघा लिक, गोड आहे का," तो म्हणायचा.

लिक म्हणजे काका. क्लबमध्ये सगळेच मला लिक म्हणायचे. पण हा आईच्या सख्ख्या भावाला म्हणावं तसं म्हणायचा. आणि तेव्हा तो हसायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण आजच्या लोकांना ते खरं वाटणार नाही.

अकरा वर्षं तो आमच्याकडे खेळला. मधे एकदा जाकार्ताहून देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. गेला, तीन आठवड्यांनी परत आला. तिथल्या कोचला उंच पोरं हवी होती. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी वाढून बघितलं, जमलं नाही." त्याच वर्षी त्याने विनार्नीशी लग्न केलं. तिची आई मैदानाच्या तीन नंबरच्या दाराशी पेचेल विकायची, उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची तिखट चटणी. सामना जिंकला की आमची अख्खी टीम तिच्या बाकड्यावर जाऊन बसायची. विनार्नी वाढायची आणि मार्सुदीच्या पानावर चटणी जास्त पडायची. म्हातारीने ते बघितलं आणि चार महिन्यांत मांडव घातला. पुढच्या वर्षी किनान्ती झाली. त्यांची एकुलती एक.

आता सुराबायाचं सांगतो. ते सांगायलाच बसलोय.

उपांत्य सामना होता. बिंतांग किदुल त्याआधी कधी तिथवर पोचलं नव्हतं, नंतर तर क्लबच राहिला नाही. सामन्याच्या चार दिवस आधी सरावात मार्सुदीचा उजवा पाय जमिनीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. तो उठला, लंगडत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काही नाही." मॅनेजरने त्याला माझ्या खोलीत आणला. मॅनेजर हाजी होता, तालेवार माणूस, त्याच्यापुढे बोलताना मोठमोठ्यांची मान खाली जायची. तो दारात उभा राहिला.

मी गुडघा दुमडला, पाऊल माझ्या मांडीखाली दाबलं आणि नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढली. ती आली. कपाटाचा खण यावा तशी सरळ पुढे आली. मी पुन्हा ओढली, पुन्हा आली. माझ्या बापाने हाडं बसवली, त्याच्या बापाने बसवली. असा गुडघा म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आतली दोरी तुटली होती.

"चालेल का?" मॅनेजरने विचारलं.

मार्सुदी माझ्याकडे बघत होता. मान उचलून, टक लावून. मला वाटलं, पोरगा गयावया करतोय, नाही म्हणू नका असं डोळ्यांनी सांगतोय. आणि खरं सांगायचं तर मलाही सुराबायाला जायचं होतं. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये बाकावर बसायचं होतं, गळ्यात टॉवेल टाकून. वर भीड. हाजीसाहेबासमोर मालिशवाला नाही म्हणतो म्हणजे कोण हा? भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

"चालेल," मी म्हणालो.

मॅनेजर गेला. मार्सुदीने डोळे मिटले आणि मान बाकावर टाकली. मी पट्टी बांधली. चांगली घट्ट बांधली, जसं काही पट्टीने दोरी जुळते.

सुराबायाला कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरने गुडघ्यात सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. मध्यंतरात दुसरं दिलं. मार्सुदी म्हणाला, "लिक, पाय आहे का बघा हो, मला लागत नाहीये." सगळे हसले. सत्तराव्या मिनिटाला तो कडेने सुटला, नेहमीसारखा, आणि समोर कोणी नसताना पडला. कोणी पाय घातला नाही, कोणी धक्का दिला नाही. गुडघा आतल्या बाजूला गेला आणि हा खाली. स्ट्रेचरवर तो ओरडलासुद्धा नाही. दुसरं इंजेक्शन अजून उतरायचं होतं. ते बसमध्ये उतरलं, घरच्या वाटेवर.

सामना आम्ही हरलो. तो तिशीचासुद्धा नव्हता झाला.

क्लबने त्याला एकदा मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. तिथले म्हणाले, जाकार्ताला न्या, तिकडे शस्त्रक्रिया होते. त्याला जाकार्ताला कोणी नेलं नाही. दोन वर्षांत क्लब बुडाला. गरज सरो, वैद्य मरो. मी वैद्य, पण मीही तिथूनच घरी आलो. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. मालिशवाल्याला कोण विचारतं? मार्सुदी स्वतः सगळ्यांना सांगायचा, "लिकनी बांधलेल्या पट्टीवर सत्तर मिनिटं खेळलो मी." हे तो कौतुकाने सांगायचा आणि मी तिथून उठून जायचो.

चार वर्षं तो गावोगावच्या स्पर्धांत खेळला. ऑगस्टात आमच्याकडे प्रत्येक गाव दुसऱ्या गावाशी खेळतं आणि प्रत्येक गावाला एखादा जुना नावाजलेला खेळाडू भाड्याने हवा असतो, फलकावर लिहायला. हा उभ्याउभ्या चेंडू पुढे टाकायचा. पळायचं काम इतर करायचे. शेवटच्या वर्षी एका गावात भोंग्यावरून पुकारलं, "आला रे आला, आपला कांचिल आला." हा लंगडत आत आला. मागून कोणीतरी म्हणालं, "कांचिल कसला, ही तर घोरपड." अख्खं मैदान हसलं. मार्सुदीने पूर्ण वेळ खेळून दाखवला, यजमानांबरोबर जेवला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि पुन्हा कोणत्याही गावाला गेला नाही.

पाटबंधारे खात्याने त्याला कालव्याच्या दारावर बसवलं. ती नोकरी जुन्या खेळाडूंच्या वाट्याला यायचीच, कोणी पाणीपट्टीत, कोणी नगरपालिकेत. याच्या वाट्याला दार आलं. सकाळी चाक फिरवून दार वर करायचं, वरच्या शेतांना पाणी गेलं की खाली करायचं, पट्टीवरचा आकडा बघून वहीत लिहायचा. मधल्या वेळात खुर्ची. खेळायचे बूट त्याने तिकडेच नेले होते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर खिळे धरतात म्हणाला. बूट फाटले तेव्हा फेकून दिले आणि रबरी चपला घेतल्या.

दुःख होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. दुःखी माणूस मला कळतो, तो पाठीत कडक होतो. याची पाठ मऊ होती. राग नाही, हेवा नाही, दारू नाही. टीव्हीवर सामना लागला तर तो बघायचा, आणि कोणी बंद केला तरी तिकडेच बघत बसायचा. काही विचारलं की "हं." जेवलास का, हं. पाणी सोडलंस का, हं. किनान्ती शाळेत पहिली आली तेव्हा विनार्नीने त्याला हाताला धरून शाळेत नेलं. तो पुढच्या रांगेत बसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. पोरगी घरी येऊन आईला म्हणाली, "बाबांना कळलं का गं, मी होते ती?"

विनार्नी एकदा माझ्याकडे खांदा चोळून घ्यायला आली होती. म्हणाली, "लिक, दाराचा खांबसुद्धा पावसाळ्यात फुगतो. याचं तेवढंही होत नाही."

"होईल हळूहळू," मी म्हणालो.

आणि दर ईदला तो माझ्याकडे यायचा. आमच्याकडे रीत आहे, धाकट्याने थोरल्याकडे जायचं, गुडघे टेकायचे, त्याच्या गुडघ्यावर कपाळ ठेवायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. मार्सुदीचे आईबाप गेलेले, म्हणून तो नमाज झाला की पहिला माझ्याकडे. केळ्यांचा घड घेऊन. त्याला गुडघा टेकता येत नाही, म्हणून मी ओसरीवरच्या उंच बाकावर बसायचो आणि तो कमरेतून वाकायचा.

"आतलं बाहेरचं सगळं माफ करा, लिक."

"माफ, माफ. मलाही कर," मी म्हणायचो. ते सगळेच म्हणतात, तोंडची वाफ. तो हं म्हणायचा, आम्ही कॉफी प्यायचो, तो जायचा.

एकोणीस वर्षं. ज्याचा पाय मी घालवला तो माझ्याकडे येऊन माफी मागायचा आणि मी ती द्यायचो. दर वर्षी ठरवायचो, या वेळी सांगून टाकू. मग तो वाकायचा, त्याच्या टाळूवरचे केस पांढरे झालेले दिसायचे, आणि मी नेहमीचंच माफ, माफ म्हणून मोकळा व्हायचो. दिवसभर मग मी घरात सगळ्यांवर खेकसायचो. बायको म्हणायची, ईदच्या दिवशी तरी तोंड गोड ठेवा.

किनान्तीचं लग्न ठरलं. ती आमच्याच गावात बालवाडीवर शिकवते. मुलगा दनांग, मागूर माशांची तळी आहेत त्यांची. स्वभावाने गरीब, अंगाने मात्र भरभक्कम. विनार्नी म्हणाली, "तराजूवर शहाऐंशी भरला. मीच उभा केला त्याला, माशांच्या काट्यावर."

वजनाची चौकशी उगाच नव्हती. आमच्या लग्नात एक विधी असतो. मुलीचा बाप खुर्चीवर बसतो. त्याच्या डाव्या मांडीवर मुलगी बसते, उजव्या मांडीवर जावई. मुलीची आई समोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "अहो, कोण जड?" बापाने म्हणायचं, "दोघं सारखेच." झालं. आजपासून जावई पोटच्या पोराइतकाच, एवढाच त्याचा अर्थ. दोन मिनिटं लागतात. हल्ली पुष्कळ जण गाळतात, पण किनान्तीला तो हवा होता.

तिने घाबरत घाबरत बापाला विचारलं. आई शेजारीच होती. तिला वाटलं, आता हं येणार.

"करू," मार्सुदी म्हणाला. मग जरा थांबून, "तुझ्या आईला मोठ्याने विचारायला सांग. मागच्यांनाही ऐकू जायला पाहिजे."

हे सांगायला विनार्नी त्याच दिवशी माझ्याकडे आली. खांदा बिंदा काही दुखत नव्हता तिचा. "लिक," म्हणाली, "एकदम दोन वाक्यं बोलला."

लग्नाला आठ दिवस असताना मार्सुदी स्वतः आला. सायकल एका पायाने मारत येतो तो, दुसरा नुसता फिरतो. बाकावर बसला आणि पॅन्ट वर केली.

"लिक, बघा जरा. चालेल का?"

तेच शब्द. मॅनेजर मेला, क्लब मेला, पण शब्द तेच. मी गुडघा दुमडला, पाऊल मांडीखाली दाबलं, नडगी ओढली. खण पूर्वीपेक्षा सैल झाला होता, आतून वाळू भरडल्यासारखी करकर येत होती. पण बसलेल्या माणसाच्या मांडीवरचा भार खुर्ची घेते, गुडघ्यावर थोडाच येतो. दुखलं असतं. भरपूर दुखलं असतं. पण दोन मिनिटं तो गुडघा टिकला असता. हे माझ्या हातांना कळत होतं, जसं तेव्हा ते कळलं होतं.

मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता. टक लावून, तसाच.

"नाही चालणार," मी म्हणालो.

"शहाऐंशी किलोचा गडी आहे तो. मंडपात, माणसांत, फोटोवाल्यासमोर गुडघा गेला तर? पोरीच्या लग्नात तमाशा होईल. श्रीयोनोला बसव." श्रीयोनो म्हणजे विनार्नीचा थोरला भाऊ, धडधाकट माणूस.

"दोनच मिनिटं असतं, लिक."

इतक्या वर्षांत तो माझ्याशी एवढंच काय ते भांडला. आणि मी काय केलं? मी चढ्या आवाजात म्हणालो, "सत्तर मिनिटांनी काय झालं ते आठवतंय ना? पुन्हा तेच करायचंय?"

त्याने पॅन्ट खाली केली. नीट, घडी मोडू न देता. "बरं. तुम्ही म्हणता तर," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

मला हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. जो ‘नाही’ एकोणीस वर्षं माझ्या घशात अडकला होता, तो बाहेर पडला होता. सुराबायाला मी खोटं बोललो हे त्याला सांगायला हवं होतं. ते सांगितलंच नाही. नुसता नाही म्हणालो आणि तेवढ्यात हिशेब मिटला असं धरून चाललो. त्या दिवशी मी दोन वेळा भात मागून घेतला. बायकोने विचारलं, "आज काय मिळालं?"

लग्नाच्या दिवशी सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो. विनार्नी आतल्या खोलीत अंबाडा घालून घेत होती, मान हलवायची सोय नव्हती. मला बघून तिने अंबाडा घालणारीला थांबवलं.

"लिक, तुम्ही नाही म्हणालात म्हणे."

"त्याच्या भल्यासाठीच."

"महिनाभर सराव करत होता तो," ती म्हणाली. "मला कालच कळलं, शेजारच्या शेतवाल्याने सांगितलं. कालव्यावर पुरासाठी वाळूची पोती ठेवलेली असतात ना? रोज सकाळी पाणी सोडलं की खुर्चीवर बसायचा आणि पोती मांडीवर ओढून घ्यायचा. एक डावीवर, दोन उजवीवर. मग आपल्याशीच म्हणायचा, सारखेच. पोती उतरवायचा, पुन्हा घ्यायचा. शेतवाल्याला वाटलं, वेड लागलं."

अंबाडा घालणारी बाई हसली. विनार्नी हसली नाही.

"मी याला हाक मारून विचारलं, का केलंस रे असं, मग बसतोस का? तर म्हणतो, लिक नाही म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात की संपलं. देवाने सांगितलं तर हा एकदा विचार करेल, तुमचं मात्र प्रमाण."

माझे हात गार पडले. हे मी शोभेला म्हणत नाही. मालिशवाल्याचे हात कधी गार नसतात, ते त्या दिवशी पडले.

मी त्याला शोधत मंडपात गेलो. भाड्याचा काळा कोट, डोक्याला बाटिकची टोपी, पाठीला कट्यार खोचलेली, असा तो मागच्या बाजूला भांड्यांच्या ढिगाजवळ उभा होता.

"मार्सुदी," मी म्हणालो, "बस तू. मी चुकलो. चालेल. माझ्या हाताला कळलं होतं चालेल ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मंडपाकडे मान वळवली. तिथे श्रीयोनो नवा कोरा कोट घालून पाहुण्यांना हात जोडत फिरत होता. त्याची बायको सगळ्यांना सांगत होती की मांडी आमच्या ह्यांची आहे.

"श्रीयोनोदादांनी कपडे घातलेत, लिक," मार्सुदी म्हणाला. "कोट त्यांनी मुद्दाम शिवून घेतलाय. आता नको म्हणायचं म्हणजे त्यांना कसं वाटेल?"

"अरे, पोरगी तुझी आहे."

"वाईट दिसेल."

आम्ही माणसं अशीच. पोटात सुरी खुपसली तरी खुपसणाऱ्याला आधी विचारू, हात दुखला नाही ना. मी श्रीयोनोला जाऊन सांगायला हवं होतं. चार पावलं गेलोही. तेवढ्यात माइकवाल्याने मुलीच्या आईला पुढे बोलावलं, आणि मलाही भीड पडली. मी जागेवर बसलो.

श्रीयोनो मधल्या खुर्चीवर बसला. किनान्ती डाव्या मांडीवर टेकली, दनांग उजव्या मांडीवर. दनांग बिचारा संकोचाने अर्धं वजन स्वतःच्याच पायांवर धरून होता, ते माझ्यासारख्याला लगेच दिसतं. माइकवाला म्हणाला, "मामा, खुर्ची मजबूत आहे ना?" लोक हसले. मार्सुदीची खुर्ची बाजूला होती, हातभर अंतरावर.

विनार्नीने विचारलं. सांगितल्याप्रमाणे मोठ्याने, अगदी मागच्या रांगेपर्यंत. "अहो, कोण जड?" भावाला कोणी अहो म्हणतं का? ती श्रीयोनोच्या समोर उभी होती, पण बघत होती शेजारच्या खुर्चीकडे.

"दोघं सारखेच," श्रीयोनो म्हणाला. टाळ्या पडल्या.

मी मार्सुदीकडे बघत होतो. त्याची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकलेली, टाचा घट्ट. दोन्ही तळवे दोन्ही मांड्यांवर, कोपरं ताठ, आणि सगळं अंग तळव्यांवर टाकलेलं. आपल्याच मांड्या तो दाबून धरत होता. टाळ्या संपेपर्यंत, फोटो होईपर्यंत, किनान्ती उठून उभी राहीपर्यंत. श्रीयोनो बोलला तेव्हा मार्सुदीचेही ओठ हलले. आवाज आला नाही. मग त्याने हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर, एकटाच.

त्या लग्नानंतर चार महिन्यांनी ईद आली. नमाज झाला आणि तो आला, केळ्यांचा घड सायकलला बांधून. मी उंच बाकावर बसलो नव्हतो. खाली पायरीवर बसलो होतो.

"वर बसा, लिक. मला इतकं खाली वाकता येत नाही."

"आज तू नको वाकू," मी म्हणालो. "तू बस वर."

तो ऐकेना. थोरल्याच्या जागेवर कसा बसू म्हणाला. मी ओरडलो, तेव्हा बसला. मी त्याच्यासमोर गुडघे टेकले. माझेही गुडघे काही लोण्याचे नाहीत, सत्तरीचे आहेत. त्याच्या उजव्या गुडघ्यावर मी कपाळ ठेवलं आणि सांगितलं. सुराबायाच्या आधी माझ्या खोलीत काय झालं ते सगळं. नडगी खणासारखी पुढे आली ते, दोरी तुटल्याचं मला कळलं होतं ते, आणि तरी मी चालेल म्हणालो ते. मला स्टेडियममध्ये बसायचं होतं, हेही सांगितलं. सांगताना मी रडलो. तो रडला नाही.

"मला माहीत होतं, लिक," तो म्हणाला. "पाय माझाच होता ना."

मी मान वर केली. "मग गेलास कशाला खेळायला?"

"तुम्ही चालेल म्हणालात."

"तू बघत होतास माझ्याकडे. मला वाटलं, खेळू द्या म्हणतोयस."

"नाही म्हणा म्हणत होतो," मार्सुदी म्हणाला. "मला म्हणवलं नसतं. हाजीसाहेब उभे होते. तुम्ही म्हणाल असं वाटलं."

ओसरीवर माझी बायको कॉफी ठेवून गेली. तिने मला खाली बसलेलं बघितलं आणि तशीच आत गेली. मार्सुदीने कॉफीतला गाळ खाली बसू दिला.

"तेव्हा नाही म्हणायचं होतं, लिक," तो म्हणाला. "या वेळी हो म्हणायचं होतं."

आवाजात काही नव्हतं. दार चारला उघडायचं होतं, सहाला उघडलं, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. कॉफी संपवली. मग मला दंडाला धरून उठवलं, माझ्या अंगावरची धूळ झटकली आणि बाकावर बसवलं. स्वतः समोर उभा राहिला, कमरेतून वाकला आणि रीतीप्रमाणे माझा हात कपाळाला लावला.

"आतलं बाहेरचं सगळं माफ करा, लिक."

मी माफ केलं.